‘डिव्हॉल्व्ह’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

सोलापुरात भवानी पेठेतल्या वडिलांच्या घरावरून भावकीत वाद लागतो आणि वकिलाची इंग्रजी नोटीस येते, तिच्यात ‘डिव्हॉल्व्ह’ (devolve) हा शब्द असतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला बँकेचं पत्र येतं, त्यातही तोच. केंद्राचा अर्थसंकल्प आला की चॅनेलवर ‘टॅक्स डिव्होल्यूशन’ची चर्चा रंगते. आणि इंग्रजी पेपरात एखाद्या सभेची बातमी असते की चर्चा ‘डिव्हॉल्व्ह’ होऊन आरडाओरड्यावर आली. शब्दकोश उघडावा तर एका ओळीत ‘हस्तांतरित होणे’, दुसऱ्या ओळीत ‘खालावणे’. वाचणारा गोंधळतो, आणि हा गोंधळ कधीकधी महागात पडतो. नोटिशीतल्या या एका क्रियापदाचा अर्थ न कळता लोक सही करून मोकळे होतात. म्हणून हा शब्द मुळापासून समजून घेऊ.

मूळ अर्थ: गडगडत खाली येणं

हा शब्द लॅटिनमधून आला. ‘डे’ म्हणजे खाली आणि ‘व्होल्वेरे’ म्हणजे गडगडणं, गुंडाळणं. रिव्हॉल्व्ह, इव्हॉल्व्ह, इन्व्हॉल्व्ह हे याचेच भाऊबंद. ग्रंथाला ‘व्हॉल्यूम’ म्हणतात तोही यातलाच, कारण पूर्वी ग्रंथ गुंडाळीच्या रूपात असत.

पाटाला पाणी सुटलं आणि वरचं शेत भिजलं की पाणी उताराने खालच्या शेतात उतरतं. खालच्या शेतकऱ्याने मागितलं म्हणून ते येत नाही आणि वरच्याने दिलं म्हणूनही येत नाही. उतार आहे म्हणून येतं. ‘डिव्हॉल्व्ह’चा गाभा इतकाच आहे. वरची जागा रिकामी झाली किंवा वरच्याला पेलवेना, की जे काही होतं ते ठरलेल्या वाटेने खालच्याच्या अंगावर येतं. ती वाट कायद्याने, कराराने किंवा घटनेने आधीच आखलेली असते.

‘ट्रान्सफर’ आणि ‘डिव्हॉल्व्ह’ यांत फरक आहे तो इथेच. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 5 प्रमाणे ट्रान्सफर ही जिवंत माणसाने दुसऱ्याला मालमत्ता देण्याची कृती आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत ही सगळी ट्रान्सफर. त्यात देणारा असतो, त्याची सही असते. डिव्हॉल्व्ह होण्यात सही करणारा कोणी नसतो. म्हणून ‘वडिलांनी घर मुलाला डिव्हॉल्व्ह केलं’ असं वाक्य कुठल्या अर्जात दिसलं तर ते चूक समजावं. वडील घर देतील, विकतील, मृत्युपत्राने ठेवतील. डिव्हॉल्व्ह घर स्वतः होतं, वडिलांच्या पश्चात.

घर आणि शेती कोणावर ‘डिव्हॉल्व्ह’ होते?

हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 पासून लागू आहे. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. वीरशैव आणि लिंगायत यांचा तर कलम 2 मध्ये नावानिशी उल्लेख आहे, सोलापूर जिल्ह्यात हे सांगायलाच हवं. मुस्लिम कुटुंबांना शरियत लागू होते, त्यात जन्मतः मिळणारा वडिलोपार्जित हक्क नाही. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा. पुढचं गणित पहिल्या कायद्याचं आहे.

आधी स्वकष्टार्जित मिळकत घेऊ. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर कलम 8 म्हणतं की त्याची मिळकत सर्वप्रथम वर्ग 1 च्या वारसांवर ‘डिव्हॉल्व्ह’ होईल. या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई समान हिश्शाने येतात. आधीच वारलेल्या मुलामुलींची लेकरंही येतात. मयताचे वडील मात्र वर्ग 2 मध्ये आहेत. आई आहे आणि वडील नाहीत, हे ऐकून बहुतेक घरांत आश्चर्य वाटतं.

भवानी पेठेतलं तेच घर धरू. घर गिरणीत काम करून वडिलांनी बांधलं. ते गेले तेव्हा मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि त्यांची स्वतःची विधवा आई होती. चौघांना पाव-पाव हिस्सा. मिळकत पत्रिकेवर नावं चढवताना मात्र ‘आजी आता किती दिवसांची’ म्हणून तिचं नाव सोडून देतात. पुढे आजी गेली की तिचा पाव हिस्सा कलम 15 प्रमाणे तिच्या मुलामुलींवर उतरतो. तिला या मयत मुलाशिवाय आणखी एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर पावाचे तीन भाग: काकांना बारावा हिस्सा, आत्यांना बारावा हिस्सा, आणि मयत मुलाचा बारावा हिस्सा त्याच्या दोन लेकरांत निम्मा-निम्मा. सुनेला, म्हणजे मयताच्या पत्नीला, यातलं काही नाही. घराचे चोवीस भाग धरले तर पत्नीकडे 6, मुलाकडे 7, मुलीकडे 7, काकांकडे 2 आणि आत्यांकडे 2 राहतात. वीस वर्षांनी बिल्डर आला की काकांची मुलं सहीला का नाही म्हणतात, याचं उत्तर या चोवीस भागांत असतं. त्यांना लोभी म्हणणं सोपं आहे. पण हिस्सा त्यांच्यावर खरोखरच उतरलेला आहे.

वडिलोपार्जित शेतीचं गणित वेगळं का?

इथे कलम 6 लागतं. त्याचं शीर्षकच ‘डिव्होल्यूशन ऑफ इंटरेस्ट इन कोपार्सनरी प्रॉपर्टी’ असं आहे. कोपार्सनर म्हणजे सहदायाद, ज्याला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क असतो. जुन्या पद्धतीत सहदायाद मेला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांत विरघळून जायचा, त्याला उत्तरजीवित्व म्हणत. 2005 च्या दुरुस्तीने ते थांबलं आणि मुलगीही मुलासारखीच जन्मतः सहदायाद झाली. ही दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे. महाराष्ट्राने त्याआधीच 22 जून 1994 ला असा कायदा केला होता, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही. 2005 मध्ये वडील हयात हवेत का, यावर बरीच वर्षं घोळ होता. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला तो संपवला: हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र या दुरुस्तीने उघडत नाही.

आता मंगळवेढ्याकडची 20 एकर वडिलोपार्जित ज्वारीची जमीन घ्या. कुटुंबात वडील, आई, एक मुलगा, दोन मुली. वडील मृत्युपत्राशिवाय वारले. कायदा म्हणतो, मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असं समजा. त्या मानलेल्या वाटणीत वडिलांच्या वाट्याला जे येतं तेवढंच वारसांवर उतरतं.

ही मानलेली वाटणी कितीत करायची, इथे चूक होते. बरेच जण वडील आणि तीन मुलं असे चार भाग करतात. प्रत्येकी 5 एकर. मग वडिलांचे 5 एकर आई आणि तीन मुलं अशा चौघांत वाटून प्रत्येकी 1 एकर 10 गुंठे. म्हणजे आईच्या पदरात एकूण 1 एकर 10 गुंठे आणि मुलांना प्रत्येकी 6 एकर 10 गुंठे. हे चुकीचं आहे. आपल्याकडे लागू असलेल्या मिताक्षरा पद्धतीत बाप-लेकांची वाटणी होते तेव्हा आईलाही मुलाइतका भाग मिळतो, आणि मानलेल्या वाटणीतही तो धरलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या मगदूम प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणून भाग पाच. प्रत्येकी 4 एकर. वडिलांचे 4 एकर चौघांत, प्रत्येकी 1 एकर. आईला 5 एकर, मुलाला 5, मुलींना 5-5. एका भागाच्या चुकीने आईचे 3 एकर 30 गुंठे जातात. म्हातारपणी ज्या बाईला औषधपाण्यासाठी मुलाच्या तोंडाकडे पाहावं लागतं तिच्यासाठी हा आकडा फार मोठा आहे. वाटणीचा कागद पुढे आला की आधी भाग मोजावेत.

सातबाऱ्यावर नाव लागलं की मालकी आली का?

नाही. मालकी मृत्यूच्या क्षणी आलेली असते, फेरफार ही तिची नोंद आहे. वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावा असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 149 सांगतं. अर्जासोबत मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांची नावं-पत्ते लागतात. आता हा अर्ज ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. वारस नोंदवही म्हणजे गाव नमुना 6-क, फेरफार नोंदवही म्हणजे नमुना 6. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर नावं दिसू लागतात. शहरात हेच काम नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर होतं.

महसुली नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणून भावाने एकट्याचं नाव लावून घेतलं तरी बहिणीचा हिस्सा गेला असं होत नाही. पण ‘हक्क आहेच ना’ म्हणून गप्प बसणंही धोक्याचं. नोंदीवर एकट्याचं नाव असलं की तो कर्ज काढू शकतो, विकायलाही निघतो, आणि मग सगळं कोर्टात जाऊन निस्तरावं लागतं. तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही. उशिरा का होईना, अर्ज करावाच.

नॉमिनीचं काय? बँकेतल्या ठेवीला किंवा शेअर्सना नॉमिनी लावला की तोच मालक, असा समज घराघरांत आहे. नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो, पैसे वारसांवरच उतरतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच ठरवलं.

दाखल्यांचीही गल्लत होते. सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणं, ठेवी, शेअर्स अशा गोष्टींसाठी असतं. घरजमिनीसाठी दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घेतात, ते आपल्याकडे अजूनही 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतं. चुकीचा अर्ज केला की सहा महिने वाया जातात.

मला हिस्सा नको असेल तर?

नको असला तरी तो आधी येतो. मग तो सोडता येतो. त्यासाठी हक्कसोडपत्र करायचं, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेला कागद घरजमिनीचा हक्क सोडायला पुरत नाही.

आणखी एक प्रकार सर्रास होतो, त्याबद्दल जरा ठासून सांगायला हवं. वडील हयात असतानाच, त्यांच्या स्वकष्टाच्या घराबद्दल, मुलींकडून ‘माझा हक्क नाही’ असं लिहून घेतात. बहुतेक वेळा रक्षाबंधन, दिवाळी असा मुहूर्त गाठून. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्यांच्या हयातीत मुलांना काहीच मिळालेलं नसतं, असते ती फक्त पुढे मिळण्याची आशा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 6 प्रमाणे ही आशा हस्तांतरित करता येत नाही. जे अजून उतरलंच नाही ते सोडणार कसं? वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मतः असल्याने तिथे ती आजही सोडू शकते, म्हणून कागद कुठल्या मिळकतीचा आहे ते पाहूनच सही करावी. आणि बहिणीने सही करण्याआधी तिला एकूण क्षेत्र आणि तिचा हिस्सा आकड्यात सांगितलाच पाहिजे. त्याशिवाय घेतलेली सही ही फसवणूक आहे, मग घेणारा सख्खा भाऊ का असेना.

कर्जही ‘डिव्हॉल्व्ह’ होतं का?

होतं, पण मर्यादेत. मयताचं कर्ज वारसाकडून वसूल करायचं तर मयताची जेवढी मिळकत त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतंच. वडिलांचं 8 लाखांचं कर्ज आणि मागे सोडलेली मिळकत 5 लाखांची असेल तर मुलाच्या पगारातून उरलेले 3 लाख मागता येत नाहीत. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, म्हणून त्याने ते फेडावं, हा जुना नियम 2005 च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना लागू नाही. मुलगा स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तो स्वतःच्या सहीने बांधला जातो. वसुलीवाले हा फरक सांगत नाहीत.

बँक म्हणते ‘एलसी डिव्हॉल्व्ह झाली’, म्हणजे?

सोलापूरच्या टॉवेल-चादरीच्या धंद्यात हा शब्द कानावर पडला की पोटात गोळा येतो. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, पतपत्र. परदेशातून शटललेस लूम मागवला किंवा गिरणीकडून सूत उधारीवर घेतलं, तर विक्रेत्याला तुमच्या बँकेचं वचन हवं असतं: कागदपत्रं अटींप्रमाणे आली की पैसे बँक देईल. मुदतीची एलसी असेल तर पैसे 90 किंवा 120 दिवसांनी.

समजा 40 लाखांची 90 दिवसांची एलसी आहे. उघडताना 15 टक्के मार्जिन म्हणून 6 लाख बँकेत ठेवले. देय तारखेला कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल देणाऱ्या) खात्यात फक्त 10 लाखांची जागा शिल्लक आहे. विक्रेत्याला बँक 40 लाख देते, त्यात काही थांबत नाही. तुमच्याकडून जमतात 16. उरलेले 24 लाख बँकेच्या अंगावर पडतात. बँकेवर जे येऊन पडलं त्यालाच डिव्हॉल्व्ह होणं म्हणतात. तोपर्यंतचं नुसतं वचन त्या दिवशी रोख कर्ज होतं. बँक ते तुमच्या नावे टाकते, त्यावर दंडात्मक आकार लागू शकतो. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ती तुमच्या मुख्य खात्याचाच भाग धरली जाते, आणि खातं सलग 90 दिवसांपेक्षा जास्त मर्यादेबाहेर राहिलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज.

असं का होतं? बहुधा माल विकला गेलेला असतो, पैसे अडकलेले असतात. निर्यातीचं बिल 120 दिवसांनी वसूल होतं आणि सुताची एलसी 90 दिवसांची उघडलेली असते. मधल्या 30 दिवसांची सोय कोणीच केलेली नसते. दुसरं कारण ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणं पाहून बँक प्रत्यक्षात उचलू देते ती रक्कम. जुनं येणं बँक हिशेबात धरत नाही, स्टॉक स्टेटमेंट उशिरा गेलं की मर्यादाही आखडते, आणि कागदावर एक कोटीची लिमिट असूनही हाताशी सत्तर लाखच राहतात. एलसीची मुदत वसुलीच्या चक्राशी जुळवून घ्यावी. देय तारखेच्या महिनाभर आधी तूट दिसत असेल तर बँकेला आधीच जाऊन सांगावं, मुदतकर्जाचा किंवा तात्पुरत्या वाढीव मर्यादेचा विचार तेव्हाच होऊ शकतो. ऐन तारखेला गेलं की शाखेच्या हातात काही उरत नाही. आणि मालात खोट निघाली म्हणून एलसीचे पैसे थांबतील, अशी आशा ठेवू नये. बँक कागद तपासते, माल तपासत नाही. कागदात विसंगती असेल तर ती आपण स्वीकारण्याआधीच दाखवावी लागते, एकदा स्वीकारलं की परतीची वाट बंद.

रिझर्व्ह बँकेच्या रोखे लिलावाच्या बातम्यांतला ‘डिव्हॉल्व्ह’ही याच घराण्यातला. लिलावात पुरेशा किंवा परवडणाऱ्या बोली आल्या नाहीत की उरलेले रोखे प्रायमरी डीलरना (सरकारी रोख्यांच्या मान्यताप्राप्त व्यापारी संस्थांना) घ्यावे लागतात, कारण त्यांनी तशी हमी आधीच दिलेली असते.

सत्तेचं आणि करांचं ‘डिव्होल्यूशन’

इथे शब्दाचं व्याकरण थोडं बदलतं. घर आपोआप डिव्हॉल्व्ह होतं, सत्ता मात्र कोणीतरी डिव्हॉल्व्ह करतं. म्हणजे वरचं सरकार कायदा करून आपले अधिकार खाली देतं. ब्रिटनने 1998 चा कायदा करून 1999 मध्ये स्कॉटलंडला वेगळं विधिमंडळ दिलं, ते डिव्होल्यूशन. आपल्याकडे 1919 च्या कायद्याखाली 1920 मध्ये जे नियम झाले त्यांचं नावच ‘डिव्होल्यूशन रूल्स’ होतं, कोणते विषय प्रांतांकडे जातील ते त्यांत होतं. उलट मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरातून ब्रिटिश अंमल काही दिवस उठला होता, त्याला ‘ब्रिटिशांनी सत्ता डिव्हॉल्व्ह केली’ असं कोणी लिहिलं तर ते खोटं ठरेल. ती वरून दिलेली नव्हती. लोकांनी घेतली होती, आणि म्हणूनच 12 मे ला मार्शल लॉ आला.

‘डेलिगेट’ हा जवळचा शब्द. साहेबाने कनिष्ठाला सहीचा अधिकार डेलिगेट केला तर उद्या तो काढून घेता येतो आणि जबाबदारी साहेबाचीच राहते. डिव्हॉल्व्ह झालेला अधिकार खालची संस्था स्वतःच्या नावाने वापरते, तो परत घ्यायचा तर कायदा बदलावा लागतो.

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला आणि 74 वी 1 जून 1993 ला लागू झाली. पंचायतींसाठी 29 विषय आणि नगरपालिका-महापालिकांसाठी 18 विषयांची यादी घटनेत आली. पण शब्दरचना अशी की राज्य विधिमंडळ हे अधिकार ‘देऊ शकेल’. द्यावेच लागतील असं नाही. म्हणून कामं खाली येतात आणि त्यासाठी लागणारा पैसा आणि माणसं वर अडकतात. महापालिकेची जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि आता राज्याकडून भरपाईचं अनुदान येतं. स्वतः वसूल केलेला रुपया आणि वरून उतरणारा रुपया यात मोठा फरक आहे. वरून येणाऱ्याची तारीख आपल्या हातात नसते, आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल मात्र तारखेलाच येतं.

करांचं डिव्होल्यूशन म्हणजे केंद्राने गोळा केलेल्या करांतला राज्यांचा हिस्सा. दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग तो सुचवतो. 14 व्या आयोगाने 42 टक्के सांगितले, 15 व्याने 41 टक्के. त्या 41 मधला महाराष्ट्राचा वाटा होता 6.317 टक्के. यावर लगेच येणारा प्रश्न असा: मग शंभर रुपयांतले 41 राज्यांना मिळतात का? तेवढे मिळत नाहीत. 41 टक्के हे विभाज्य निधीचे. उपकर आणि अधिभार त्या निधीत धरत नाहीत, ते केंद्राकडेच राहतात. त्यामुळे केंद्राने कर वाढवण्याऐवजी अधिभार वाढवला तर टक्का तोच राहतो आणि राज्याच्या हाती पडणारी रक्कम प्रमाणाने घटते. टीव्हीवरच्या चर्चेत टक्क्यांवर भांडण होतं, पाहायला हवा तो हा निधी.

मग ‘खालावणे’ हा अर्थ कुठून आला?

खाली गडगडणं यातूनच. गोष्ट हळूहळू वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आली की इंग्रजीत ‘डिव्हॉल्व्ह’ म्हणतात, आणि पुढे बहुधा ‘इन्टू’ येतं: चर्चा डिव्हॉल्व्ह्ड इन्टू भांडण. काही चोखंदळ संपादकांना हा वापर खटकतो, ते ‘डिजनरेट’ लिहितात. पण मोठे शब्दकोश हा अर्थ नोंदवतात आणि बातम्यांत तो रोज दिसतो, त्यामुळे चूक म्हणता येत नाही. अर्जात किंवा करारात मात्र या अर्थाने वापरू नये, तिथे वाचणाऱ्याचं मन वारशाकडेच जाईल.

हा अर्थ प्रत्येक बिघाडाला चालत नाही. दूध नासतं, लूम बिघडतो, रस्ता उखडतो, यांपैकी काहीच डिव्हॉल्व्ह होत नाही. वर्तन, चर्चा, व्यवस्था, आंदोलन अशा चालू प्रक्रियेची घसरण हवी, आणि तीही पायरीपायरीने. मोर्चा क्षणात पांगला तर तो डिव्हॉल्व्ह झाला नाही. घोषणा, मग ढकलाढकली, मग दगडफेक, असा उतरत गेला तर झाला.

हा ‘इव्हॉल्व्ह’चा उलट शब्द का? बोलण्यात तसा वापरतात, जीवशास्त्रात नाही. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या नाहीसे झाले, तेही उत्क्रांतीच. उत्क्रांतीला ठरलेली वरची दिशा नसल्याने उलटी दिशाही नाही.

अर्ज किंवा नोटीस वाचताना, लिहिताना

क्रियापदानंतरचा छोटा शब्द आधी पाहावा. ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ आलं तर कोणावर तरी मालमत्ता, कर्तव्य किंवा ओझं उतरलं आहे, आणि पुढचं नाव तुमचं आहे का ते बघा. ‘टू’ आलं तर बहुधा सरकारी अधिकार किंवा पैसा. ‘इन्टू’ आलं तर घसरण. आणि ‘फ्रॉम’ दिसलं तर कोणाकडून आलं ते त्यात असतं. मालकीची साखळी तपासताना हेच नाव जुन्या सातबाऱ्यावर शोधायचं.

इंग्रजीत वारसाचं निवेदन लिहायचं असेल तर तीन गोष्टी एका वाक्यात याव्यात: मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि सगळ्या वारसांची नावं हिश्शासह. हक्क कोणत्या दिवशी आला म्हणून जी तारीख घालायची ती मृत्यूची. कारकून विचारतात म्हणून लोक तिथे फेरफाराची तारीख घालतात, आणि मग मधल्या काळातलं भाडं, उसाचं बिल, नुकसानभरपाई यांवर कोणाचा हक्क, हा वाद उभा राहतो. फेरफाराचा क्रमांक आणि तारीख द्यायचीच असेल तर ती पुढच्या वाक्यात, नोंदीचा तपशील म्हणून.